कोरोना विषाणू पेशीत कसा वाढतो: दहा लाख पट प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, महाविद्यालयाच्या सभागृहात ही प्रतिकृती उभी करायची आहे. सार्स-कोव्ह-२ विषाणू पेशीत शिरल्यापासून नवे विषाणू बाहेर पडेपर्यंत काय काय घडते ते मापात दाखवायचे. चित्रे सगळीकडे आहेत, पण मापात काढलेली फार थोडी. हेच काम दुसरीकडे कुणी हाती घेतले तर आमच्या चुका त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून या नोंदी.

५ जानेवारी: माप ठरवले

१ नॅनोमीटर = १ मिलिमीटर. म्हणजे दहा लाख पट. या मापात विषाणूचा गोळा सुमारे १० सेंमी, रायबोसोम (पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र) अडीच ते तीन सेंमी, आणि २० मायक्रोमीटरची पेशी २० मीटर होते. सभागृह १२ बाय ९ मीटर आहे, त्यामुळे अख्खी पेशी बसणार नाही. पेशीची एक फोड दाखवायची: एका भिंतीला प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचे बाहेरचे आवरण, समोरच्या भिंतीवर केंद्रकाची नुसती कमान. या विषाणूच्या प्रती काढण्याचे काम केंद्रकात होतच नाही, सगळे बाहेरच्या पेशीद्रवात चालते. म्हणून केंद्रकावर खर्च करायचा नाही.

विषाणूची सगळी जनुके आरएनएच्या एका लांब धाग्यावर असतात, बेस म्हणजे त्यातले एकेक अक्षर. हा धागा दोरीने दाखवायचा. त्याच्या लांबीत पहिली चूक इथेच झाली. दोन बेसमधले अंतर ०.३४ नॅनोमीटर धरले होते. तो आकडा डीएनएच्या दुहेरी गोफाचा. एकेरी आरएनएला असे एकच ठरलेले अंतर नसते, तो कुठे ताणलेला तर कुठे घडी पडलेला असतो. मग सोयीचा आकडा घेतला: ३,००० बेस = १ मीटर. याचा मोठा फायदा असा की बेसचा क्रमांक भागिले ३० केले की थेट सेंटिमीटर मिळतात. पुढचे सगळे मोजमाप याच भागाकारावर चालले.

वुहानच्या नमुन्यातून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेला संदर्भ अनुक्रम घेतला. लांबी २९,९०३ बेस, शेवटचे ३३ ए धरून. दोरीची लांबी ९९६.८ सेंमी. दहा मीटरची दोरी दहा सेंमीच्या गोळ्यात राहते, ही गोष्ट लोकांना हातात घेऊन बघता आली पाहिजे. बाकी काही जमले नाही तरी एवढे जमवायचे.

८ जानेवारी: दोरी आटली

१ मिमी जाडीचा सुती दोरा, १०० मीटरचे रीळ, १९० रुपये. नायलॉन मुद्दाम टाळला. तो ताणला जातो आणि खुणा सरकतात.

दोरा मोजून कापला, जनुकांच्या खुणा केल्या आणि मग गरम रंगात बुडवला. वाळल्यावर ९९६.८ ची दोरी ९६० सेंमी भरली. एन (आरएनए बांधून ठेवणारे प्रथिन) जनुकाची सुरुवात ९४२.५ वर हवी, ती ९०७ च्या आसपास आली. सात तासांचे काम गेले. क्रम उलटा हवा: आधी दोरा उकळत्या पाण्यात तासभर ठेवायचा, मग रंगवायचा, ताण न देता दोन दिवस वाळवायचा आणि त्यानंतरच पट्टी लावायची. रंगाला ८० रुपये लागले.

११ जानेवारी: खुणा पुन्हा

या खेपेला माप बरोबर आले. खुणा अशा:

८.९ सेंमी (बेस २६६): पहिल्या मोठ्या जनुकाची सुरुवात
४४८.९ सेंमी (१३,४६८): वाचनाची चौकट सरकते ती जागा
७१८.८ सेंमी (२१,५६३): स्पाइक (विषाणूवरचा काटा), म्हणजे एस
८७४.८ सेंमी (२६,२४५): ई, आवरणातले प्रथिन
८८४.१ सेंमी (२६,५२३): एम, पटलाला वाक देणारे प्रथिन
९४२.५ सेंमी (२८,२७४): एन

दहातले सात मीटर एकट्या पहिल्या जनुकाने व्यापलेत, आणि त्यातले एकही प्रथिन विषाणूच्या बांधणीचा भाग नाही. तो सगळा प्रती काढण्याच्या कारखान्याचा आराखडा आहे. दोरी भिंतीवर लावल्यावर हे न सांगता दिसते.

मग ‘एसीजीएएसी’ या सहा अक्षरांच्या जागा लाल दोऱ्याने बांधल्या. प्रती काढणारे विकर इथून उडी मारते, ते १३ फेब्रुवारीच्या नोंदीत येईल. पहिली जागा दोरीच्या डाव्या टोकाजवळ, बेस ७० ते ७५. बाकीच्या जनुकांच्या अलीकडे: २१,५५६, २५,३८५, २६,२३७, २६,४७३, २७,०४१, २७,३८८, २७,८८८ आणि २८,२६०. सहा अक्षरे या मापात २ मिमी होतात, दोन पावलांवरून दिसत नाहीत. म्हणून लाल पट्टा १ सेंमी रुंद केला आणि तो मापाबाहेर आहे असे फलकावर लिहिले.

२७,०४१ ची खूण एम जनुकाच्या रंगीत पट्ट्याच्या आत पडली. मोजण्यात चूक झाली असे समजून दोन तास पुन्हा पुन्हा मोजले. चूक नव्हती. ओआरएफ-६ या छोट्या जनुकाची लाल जागा खरोखरच एम जनुकाच्या पोटात आहे. विषाणूने जागा इतकी काटकसरीने वापरली आहे की एका जनुकाच्या मजकुरातच पुढच्या जनुकाची खूण बसवली आहे. अनुक्रम संगणकावर शोधताना एक लक्षात ठेवा: फाइलमध्ये यू ऐवजी टी लिहिलेला असतो. चौकट सरकते त्या जागेचे ‘यूयूयूएएएसी’ शोधले तर काहीच सापडत नाही.

१४ जानेवारी: विषाणूचा गोळा आणि काटे

दोन अर्धे जोडून होणारे पारदर्शक प्लास्टिकचे गोळे, १० सेंमी व्यासाचे, सहा नग, ३६० रुपये. थर्माकोल घेऊ नका. फवाऱ्याच्या रंगाने तो विरघळतो आणि दोन भागांत उघडताही येत नाही.

स्पाइक हे तीन सारख्या प्रथिनांचे त्रिकूट, उंची २० ते २५ नॅनोमीटर. त्यासाठी तीन लवंगा डोकी वर करून दोऱ्याने एकत्र बांधल्या. लवंग दीड ते दोन सेंमी असते, माप जवळजवळ जुळते, आणि वर जाड, खाली निमुळता असा आकारही जमतो. एका लवंगेचे डोके बाकी दोघींपेक्षा दोन-तीन मिमी वर ठेवायचे: पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला धरणारा भाग असा वर उचललेला असला तरच पकड बसते. जुन्या लवंगांच्या टोप्या गळतात. ताज्या, तेलकट लवंगा निवडून घ्या. ५० ग्रॅमला ७० रुपये.

पहिल्या गोळ्यावर ८० त्रिकुटे बसवली, कारण नेहमीच्या चित्रात गोळा काट्यांनी गच्च भरलेला असतो. गोठवलेल्या विषाणूंच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या मोजणीत एका विषाणूवर सरासरी पंचवीसच्या आसपास स्पाइक निघतात. ५५ त्रिकुटे उपटली आणि भोके बुजवली. आता मधे भरपूर मोकळी जागा दिसते, आणि तीच खरी आहे. काटे ताठ चिकटवू नयेत. बुडाशी थोडी लवचीक तार ठेवावी. खरे स्पाइक बुंध्यापाशी कलतात.

१७ जानेवारी: दहा मीटर दोरी गोळ्यात

नुसती दोरी कोंबली तर मावते, पण काढताना गाठी पडतात. विषाणू ती एन प्रथिनांच्या गुच्छांत बांधतो. असे तीस-चाळीस गुच्छ असतात, प्रत्येक सुमारे १५ नॅनोमीटरचा. ३५ मणी धरले तर दर मण्याला २८.५ सेंमी दोरी येते, म्हणजे साडेआठशे बेस.

लाकडी मणी आणले (४० नग, १६० रुपये). गुळगुळीत लाकडावरून वेढे घसरतात, तीन वेळा गुंडाळून सोडून दिले. फेविकॉल लावला तर दोरी सुटतच नाही, आणि इथे सुटणे महत्त्वाचे: पेशीत शिरल्यावर हे गुच्छ मोकळे व्हावे लागतात. शेवटी १५ मिमीचे फेल्टचे लोकरी गोळे घेतले (१०० नग, २५० रुपये). लोकर दोरा धरून ठेवते आणि टोक ओढले की एकेक गोळा टपकत जातो. एका गोळ्यावर सहा वेढे, पूर्ण दोरीला दीड तास. खऱ्या गुच्छात दोरी नुसती बाहेरून गुंडाळलेली नसते, प्रथिनांच्या बऱ्याच प्रतींमध्ये गुंतलेली असते. ही सूट घ्यावीच लागली.

२१ ते २५ जानेवारी: चौकट सरकते ती जागा

सर्वात जास्त वेळ या भागाने घेतला, आणि तो योग्य जागी गेला.

आत आलेली दोरी पेशीचा रायबोसोम थेट वाचू लागतो, ती स्वतःच संदेशवाहक आरएनए आहे. वाचन तीन-तीन अक्षरांनी होते. १३,४६८ पाशी काही रायबोसोम एक अक्षर मागे सरकतात. न सरकणारे ४,४०५ अमिनो आम्लांची साखळी करून थांबतात. सरकणारे पुढे जाऊन ७,०९६ ची करतात. साखळीचे पुढे तुकडे होतात, त्यांना एनएसपी-१, एनएसपी-२ असे क्रमांक आहेत. प्रती काढणारे मुख्य विकर, एनएसपी-१२, लांब साखळीतच आहे. म्हणजे हे सरकणे नसेल तर विषाणूची एकही प्रत निघत नाही.

१ मिमीला तीन अक्षरे या मापात हे दिसणे शक्य नाही. म्हणून वेगळी मोठी प्रतिकृती: ५ सेंमी रुंद कापडी फीत (७५ रुपये), दर अक्षराला २ सेंमी, बेस १३,४५६ ते १३,५४५, एकूण १८० सेंमी. प्रायोगिक फीत बिलाच्या कागदी रोलवर केली होती. दिव्याखाली दोन दिवसांत तो कागद काळवंडला, शिवाय ओढताना फाटला. कापडच घ्या.

मधला मजकूर असा:

यूयूयू एएए सी जीजीजी यूयूयू जीसीजी जीयूजी यूएए जी…

रायबोसोम म्हणून प्लायवुडची पेटी (१५० रुपये). पहिल्या पेटीला तीन अक्षरांची एकच खिडकी ठेवली होती. त्यातून ‘मागे सरकले’ एवढे दिसते, पण सरकूनही पकड का सुटत नाही ते कळत नाही. रायबोसोममध्ये त्या क्षणी दोन टीआरएनए (अमिनो आम्ल आणणारे रेणू) शेजारी शेजारी बसलेले असतात, म्हणून खिडकी सहा अक्षरांची, १२ सेंमीची हवी. आता एका खिडकीत यूयूए, दुसरीत एएसी. एक अक्षर मागे गेले की यूयूयू आणि एएए. प्रत्येकाची पहिली दोन अक्षरे तीच राहिली, बदलले फक्त तिसरे, म्हणून दोन्ही टीआरएनए पुन्हा टेकतात. खिडकीखाली पुठ्ठ्याचे टीआरएनए लावल्यावर शाळेतल्या मुलांनाही हे समजावता आले. मजकूर असा नसता तर मागे सरकल्यावर जोड्या जुळल्या नसत्या.

पुढे वाचन दोन तऱ्हांनी होते. न सरकल्यास जीजीजी, यूयूयू, जीसीजी, जीयूजी आणि लगेच यूएए, म्हणजे थांबा. सरकल्यास सी दुसऱ्यांदा वाचला जातो: सीजीजी, जीयूयू, यूजीसी, जीजीयू, जीयूए, एजीयू… थांबा चौकटीबाहेर पडतो आणि वाचन चालू राहते.

सरकायला लावते ती पुढची गाठ. १३,४७५ ते १३,४८४ ही दहा अक्षरे १३,४९५ ते १३,५०४ यांच्याशी जुळतात, हा पहिला दांडा. मग १३,४८८ ते १३,४९२ हा मधल्या वळशातला तुकडा आणखी पुढे, १३,५३८ ते १३,५४२ शी जुळतो, हा दुसरा दांडा. गाठ गाठीत अडकते. जोड्यांसाठी ब्लाउजची टिचबटणे शिवली: पहिल्या दांड्याला दहा, दुसऱ्याला पाच (दोन डझन, ६० रुपये). वेल्क्रो आधी लावून पाहिला. तो एका झटक्यात सुटतो. टिचबटणे एकेक उघडावी लागतात, आणि रायबोसोमही जोड्या एकेक करूनच उघडतो. तिसरा छोटा दांडा साध्या टाक्यांनी घातला.

पेटी अडण्याची जागा चुकत होती. खिडकीपासून पेटीच्या पुढच्या कडेपर्यंत तीन अक्षरांचे अंतर ठेवले होते, त्यामुळे पेटी एक संपूर्ण त्रिक पुढे जाऊन मग गाठीला टेकायची. घसरणीची सात अक्षरे आणि गाठ यांच्यामध्ये सहा अक्षरे आहेत: जीजीजीयूयूयू. पुढची कड बरोबर १२ सेंमीवर आणली आणि पेटी नेमकी घसरणीच्या अक्षरांवर थांबू लागली. ही सहा अक्षरे कमी-जास्त केली तर सरकणे बिघडते, हे प्रयोगशाळांमध्ये दिसलेले आहे. प्लायवुडच्या पेटीतही तेच दिसले.

२९ जानेवारी: लांब साखळीचे तुकडे

साटीनची पट्टी, १ अमिनो आम्ल = अर्धा मिमी, लांबी ३५५ सेंमी (१८० रुपये). जोड वेल्क्रोचे (२२० रुपये).

पुस्तकात सोळा तुकडे लिहिले आहेत म्हणून पंधरा जोड शिवले. बेरीज ७,०९६ ऐवजी ७,१०९ आली. तेरा अमिनो आम्लांचा फरक कुठून आला ते शोधायला संध्याकाळ गेली. एनएसपी-११ हा तेरा अमिनो आम्लांचा तुकडा फक्त आखूड साखळीच्या शेपटाला असतो. लांब साखळीत त्या जागी एनएसपी-१२ सुरू होतो. म्हणजे लांब पट्टीत पंधरा तुकडे आणि चौदा जोड.

चौदातले तीन पिवळे, अकरा निळे. पिवळे जोड एनएसपी-३ मधले विकर कापते, निळे एनएसपी-५. दोन्ही कात्र्या त्याच पट्टीत शिवलेल्या आहेत, आधी त्या स्वतःला सोडवून घेतात. एनएसपी-५ चे दोन रेणू जोडीने काम करतात, म्हणून निळ्या कात्रीला दोन हात दाखवले. निर्माट्रेलव्हिर हे औषध याच कात्रीच्या पात्यात अडकते. लाल बुचाचा तुकडा करून पात्यात बसवला, अकराही जोड बंद.

एनएसपी-३ चा तुकडा ९७ सेंमी, एनएसपी-७ चा ४ सेंमी. पट्टी टांगून ठेवा, टेबलावर गोळा होते.

१ फेब्रुवारी

एनएसपी-१ चे शेपूट मातीच्या रायबोसोमच्या आरएनए शिरण्याच्या वाटेत बूच म्हणून बसवले. पेशीचे स्वतःचे संदेश अडतात. विषाणूच्या दोऱ्यांना डाव्या टोकाची घडी आहे, त्या निसटतात. तासाभराचे काम, अडचण नाही.

३ ते ९ फेब्रुवारी: दुहेरी पटलाच्या पिशव्या

प्रती उघड्यावर निघत नाहीत. एनएसपी-३, ४ आणि ६ मिळून आंतर्द्रव्यजालिकेचे पटल ओढून, वळवून दुहेरी भिंतीच्या पिशव्या करतात. व्यास दोन-तीनशे नॅनोमीटर. आम्ही २५ सेंमी धरले. दुहेरी आरएनए आत दडलेला राहतो, पेशीच्या पहारेकरी प्रथिनांच्या नजरेस सहज पडत नाही.

फुग्यावर कागदाचे सहा थर, मैद्याच्या खळीने. फुगे, मैदा, फेविकॉल, मोरचूद मिळून ३१० रुपये. पहिले तीन फुगे रात्रीच्या थंडीत आक्रसले आणि ओल्या कवचांना खळगे पडले. उपाय: सकाळी दोनच थर द्यायचे, उन्हात कडक होऊ द्यायचे, उरलेले चार दुसऱ्या दिवशी. खळीत चिमूटभर मोरचूद घातला नाही तर झुरळे कागद कुरतडतात. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला, लहान मुलांच्या हाती देऊ नका. आतला गोळा २२ सेंमीचा. दोन्ही एका बाजूने कापून एकात एक बसवले.

पिशवी आधी पूर्ण बंद केली होती. मग नवा आरएनए बाहेर कसा येणार? या पिशव्या बंद दिसतात हे कोडे संशोधकांपुढेही बरीच वर्षे होते. २०२० मध्ये दोन्ही पटलांतून आरपार जाणारे छिद्र दिसले, सहा सारख्या भागांचे, बाहेरच्या बाजूला मुकुटासारखे, आणि त्या मुकुटात एनएसपी-३. सहा पाकळ्यांचा पत्र्याचा मुकुट कापून बसवला. नुसत्या कागदाच्या भोकातून दोरी दहा-बारा वेळा ओढली की काठ फाटतो. पितळी आयलेट ठोकली (पंचासह १२० रुपये), प्रश्न मिटला.

भोवतालची जालिका: मांजरपाट ८ मीटर, ५६० रुपये. चुण्या घालून पिशव्यांना शिवले. सुटा गोळा लटकवू नका.

१३ फेब्रुवारी: उडी कुठे घडते

या दिवसाची चूक सर्वात महागात पडली, आणि ती समजुतीतली होती.

रायबोसोम दोरीच्या डाव्या टोकाचे पहिलेच जनुक वाचतो. मग दोरीच्या उजव्या टोकाकडची जनुके वाचायची कशी? विषाणू आखूड दोऱ्या बनवतो. प्रत्येकीच्या डाव्या टोकाला तोच ७५ बेसचा, म्हणजे अडीच सेंमीचा, अग्रभाग आणि लगेच हवे ते जनुक. आम्ही पांढऱ्या, म्हणजे वाचता येणाऱ्या, दोऱ्या कापून त्यांना अग्रभाग गाठीने जोडला आणि फलकावरही तसेच बाण छापले.

हे चूक आहे. उडी उलट्या, म्हणजे पूरक अक्षरांच्या, निळ्या दोरीच्या घडणीत होते. विकर पांढऱ्या दोरीच्या उजव्या टोकापासून सुरू होऊन डावीकडे जात निळी दोरी विणते. लाल जागा आली की दोन शक्यता: पुढे जाणे, नाहीतर विणलेल्या निळ्या दोरीसह थेट डाव्या टोकाच्या लाल जागेवर उडी मारणे. दोन्हीकडे तीच सहा अक्षरे असल्याने निळीचे टोक तिथे जुळते. उरलेला अग्रभाग विणला की आखूड निळी दोरी तयार. मग त्या निळीवरून पांढऱ्या प्रती, कितीही. बाण उलटे करावे लागले, फलकाच्या फेरछपाईला ३०० रुपये (मूळ छपाई ९००).

दोऱ्यांची मापे, अग्रभाग धरून: एस २८०.६, ओआरएफ-३ए १५२.९, ई १२४.५, एम ११६.७, ओआरएफ-६ ९७.७, ओआरएफ-७ए ८६.२, ओआरएफ-८ ६९.५, एन ५७.१ सेंमी. ओआरएफ-७बी चीही आखूड दोरी सापडते, पण तिच्या अलीकडे ही सहा अक्षरे जशीच्या तशी नाहीत. उडीच्या खेळात ती घेतली नाही.

आधी दोऱ्या डावीकडून एका रेषेत लावल्या. नीटनेटक्या दिसल्या, पण अर्थ गेला. सगळ्यांचे उजवे टोक समान आहे. उजवीकडून एका खिळ्यावर लावल्या की पायऱ्या दिसतात आणि लाल खुणा भिंतीवरच्या मोठ्या दोरीच्या खुणांखाली बरोबर येतात. पेशीत सर्वात जास्त प्रती सर्वात आखूड, एनच्या दोरीच्या निघतात. म्हणून एनच्या दहा दोऱ्या लटकवल्या आणि एसच्या दोन.

१८ फेब्रुवारी: विकर

एनएसपी-१२ चा मणी, त्याला एनएसपी-७ एक आणि एनएसपी-८ दोन. पुढे दोरी उलगडणारे एनएसपी-१३. मागे एनएसपी-१४, चुकीचा बेस कापून टाकणारे, सोबत एनएसपी-१०. एवढा लांब आरएनए चुका न तपासता टिकणार नाही, म्हणून या कुळाने ही तपासणी बाळगली आहे.

रेमडेसिविर हे औषध दाखवायला दोऱ्यात फुगीर मणी ओवला. आधी तो विकराच्या तोंडाशीच अडत होता. तसे होत नाही: तो सामावला जातो, आणखी तीन बेस जोडले जातात, मग यंत्र अडखळते. मण्याच्या आतली वाट लांब केली, अडथळा आतल्या बाजूला सरकवला. आता तीन गाठी पुढे गेल्यावरच अडकतो.

२२ फेब्रुवारी: बांधणी आणि बाहेर पडणे

एस, ई, एम जालिकेच्या पटलात तयार होतात, एन पेशीद्रवात. जालिका आणि गॉल्गी यांच्या मधल्या कप्प्यात एम प्रथिने पटलाला वाक देतात आणि एनने बांधलेली दोरी आत घेऊन गोळा कोषात कळीसारखा सुटतो. पारदर्शक कापडाची पिशवी उलटी करून हे जमले. बाहेर पडण्याची वाट फक्त गॉल्गीतून रंगवली होती. लयकारिकांतूनही, म्हणजे पेशीच्या पचवणाऱ्या पिशव्यांतूनही, विषाणू बाहेर पडतात, ती वाट नंतर जोडली.

प्रवेशाच्या बाजूला दोन वाटा: टीएमपीआरएसएस-२ या विकराने पृष्ठभागावरच स्पाइक कापला तर तिथेच पटले एकरूप होतात, नाहीतर आतल्या पिशवीत कॅथेप्सिन हे विकर कापते.

२६ फेब्रुवारी: तालीम

एका फेरीला ३५ मिनिटे लागली. मोठी दोरी डोळ्यांच्या उंचीवर होती, शाळकरी मुलांना खुणा दिसेनात. ११० सेंमीवर आणली. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये निश्चित झाला आणि तो नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासला गेला, एवढी ओळ प्रवेशाच्या फलकावर वाढवली.

२८ फेब्रुवारी: दिवसभरात काय बिघडले

टिचबटणाचा पहिला दांडा दुपारी दोनला उसवला, पन्नासेक वेळा उघडल्यावर. फितीच्या मागे जाड कापडाचा आधार शिवायला हवा होता. एका काट्याच्या लवंगा मुलांनी वास घेण्यासाठी काढून नेल्या. सुट्या लवंगांची वाटी वेगळी ठेवा. गोळ्यातून दोरी ओढण्याची रांग सर्वात लांब होती, आणि पुन्हा गुंडाळायला दर वेळी दीड तास. बांधलेल्या दोऱ्या किमान चार तयार हव्यात, आमच्याकडे दोन होत्या.

सर्वाधिक विचारलेला प्रश्न: लस यातले काय अडवते? प्रतिपिंडे प्रामुख्याने वरचा काटा धरतात, हे लवंगेवर बोट ठेवून सांगता आले. त्यासाठी वेगळी प्रतिकृती लागली नाही.

२ मार्च: हिशेब आणि आवरणे

एकूण खर्च ३,९८५ रुपये. त्यातले ४६० वाया गेले: लाकडी मणी १६०, फेरछपाई ३००. चुकांत गेलेला वेळ सुमारे २६ तास. सर्वात जास्त दोरीच्या रंगात आणि उडीच्या बाणांत.

भिंतीवरची दोरी काढून मोजली: ९९८.१ सेंमी, स्वतःच्या वजनाने १३ मिमी वाढली. दर मीटरला एक खिळा कमी पडला, पुढच्या वेळी दर अर्ध्या मीटरला. लोकरी गोळे डांबराच्या गोळ्यांसह डब्यात भरले. लवंगांचे काटे ओलसर हवेत बुरशी धरतात, ते काढून टाकले, तारा ठेवल्या. टिचबटणांची फीत नव्या आधारासह शिवायला दिली आहे.